भौतिकशास्त्र: वाचताना समजतं, पेपरात सुचत नाही. अभ्यास नेमका कसा करावा?

वाचनखूण

मुलगी नववीत आहे. बाकी विषयांत अडचण नाही, भौतिकशास्त्रात मात्र गाडी अडते. मेहनत कमी पडते असं म्हणता येणार नाही. धडा दोनदा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते, सूत्रांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, व्हिडिओ पाहते. विचारलं की सांगते, "सगळं समजलं." चाचणीत आकडे सोडून प्रश्नाची मांडणी जरा जरी बदलली की कोणतं सूत्र लावायचं तेच सुचत नाही. "वर फेकलेला चेंडू" सोडवता येतो, पण "इमारतीवरून वर फेकलेला चेंडू" आला की कोरा कागद.

शिकवणी लावायची की नाही हा वेगळा प्रश्न आहे, तो या धाग्यात नको. मला तीन गोष्टी हव्या आहेत. धडा वाचायचा कसा? उदाहरणांचा सराव कसा करायचा? आणि सूत्रं पाठ करायची का? शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

लंबक

माध्यमिकला हाच विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"सगळं समजलं" या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागेल. मुलगी खोटं बोलत नाहीये. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटणं हेच समजणं असं मन धरून चालतं. गाणं ऐकून आवडणं वेगळं आणि तेच सुरात म्हणता येणं वेगळं, तसं आहे हे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना एक उतारा पुन्हा वाचायला दिला. काहींना एकदा वाचून झाल्यावर, न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचून लगेच "येतंय" असं का वाटतं आणि चाचणीत का सुटतं, याचं उत्तर बरंचसं या आकड्यांत आहे.

तेव्हा पहिला बदल एवढाच: धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक बंद करायचं, कोरा कागद घ्यायचा. त्यावर काय लिहायचं हे महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक मुलं व्याख्या लिहून मोकळी होतात. मी मुलांना या क्रमाने लिहायला सांगतो. आधी एक आकृती, कितीही वेडीवाकडी चालेल. मग त्या धड्यात कोणत्या राशी आल्या, त्यांची एककं काय, त्यातल्या कोणाला दिशा आहे आणि कोणाला नाही. मग त्या राशींचा एकमेकींशी संबंध, सूत्राआधी शब्दांत. शेवटी "अमुक दुप्पट केलं तर तमुकाचं काय होईल" असे दोन प्रश्न स्वतःच तयार करायचे. हे झाल्यावरच पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं. दुसऱ्या रंगात जे आलं तो उद्याचा अभ्यास. रंगवलेल्या ओळींपेक्षा हा कागद खूप प्रामाणिक असतो.

पहिले काही दिवस हे जड जातं, चिडचिडही होते. पाच मिनिटं पेन हातात धरून काहीच आठवत नाही. ती पाच मिनिटं वाया गेली असं मुलांना वाटतं. तेव्हाच पालकांनी पाठीशी उभं राहावं, कारण आठवायला जे कष्ट पडतात तोच खरा अभ्यास आहे.

आता दुसरा प्रश्न, "कोणतं सूत्र लावायचं ते सुचत नाही". १९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी भौतिकशास्त्रातली उदाहरणं लिहिलेली कार्डं दोन गटांना दिली आणि सारखी सारखी वाटतील ती एकत्र लावायला सांगितलं. नवख्यांनी उतरणीची सगळी एकत्र लावली, स्प्रिंगची सगळी एकत्र लावली. जाणकारांनी मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एका बाजूला आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी दुसऱ्या बाजूला लावली. त्यांच्या लेखी उतरण आणि स्प्रिंग एकाच ढिगात बसत होत्या. तुमच्या मुलीला "चेंडू" हा प्रकार माहीत आहे आणि "इमारत" हा तिला नवा प्रकार वाटतो. दोन्हीकडे त्वरण सारखंच आणि स्थिर आहे, हे तिच्या नजरेला अजून दिसत नाहीये. ती नजर घडवता येते. त्यासाठी उदाहरण पूर्ण न सोडवता फक्त एवढंच लिहायचं: "इथे कोणता नियम लागेल, आणि का?" धड्याच्या शेवटच्या दहा उदाहरणांना एवढं एकच वाक्य लिहायला अर्धा तासही लागत नाही.

शाईपेन

लंबक, उत्तम प्रतिसाद. सूत्रांबद्दल मी लिहिते.

पाठ करायची का, तर हो, मोजकी पाठ हवीतच. दर वेळी सूत्र शोधण्यात डोकं अडकलं तर विचार करायला जागा उरत नाही. पण प्रत्येक सूत्रासोबत तीन गोष्टी पाठ हव्यात: ते मराठी वाक्यात काय सांगतं, कुठे लागू होतं आणि कुठे होत नाही. भिंतीवरच्या तक्त्यात ही तिसरी गोष्ट सहसा नसते.

"अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ" हे घ्या. वाक्यात: दर सेकंदाला वेगात त्वरणाएवढी भर पडते, ती जितके सेकंद पडली तितकी मूळ वेगात मिळवा. लागू कुठे? त्वरण स्थिर असेल तिथेच. झोपाळ्यावर त्वरण सतत बदलतं, तिथे चालणार नाही. गतीच्या समीकरणांवरची चुकीची उत्तरं पाहिली तर कितीतरी वेळा सूत्र अगदी बरोबर लिहिलेलं असतं, फक्त ते त्या प्रसंगाचं नसतं.

दुसरं, ही समीकरणं सुटी सुटी पाठ करायची गरजच नाही. वेग-काल आलेख काढा. स्थिर त्वरणाला सरळ तिरकी रेषा येते. रेषेचा चढ म्हणजे त्वरण, रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. ते क्षेत्रफळ म्हणजे एक आयत आणि त्यावर एक त्रिकोण. आयताचं क्षेत्रफळ सुरुवातीचा वेग × वेळ, त्रिकोणाचं अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग. झालं दुसरं समीकरण. परीक्षेत विसरलं तरी अर्ध्या मिनिटात परत काढता येतं. हा आलेख ज्याला हाताने काढता येतो त्याला मी निर्धास्तपणे पेपराला पाठवते.

धूळपाटी

एवढं संशोधन कशाला? सराव, सराव आणि सराव. एका प्रकारची वीस-पंचवीस उदाहरणं लागोपाठ सोडवा, हात बसतो. आमच्या पिढीने असंच केलं आणि चांगले गुण मिळवले.

लंबक

धूळपाटी, सराव हवाच, त्यात वाद नाही. प्रश्न आहे तो "लागोपाठ एकाच प्रकारची" याचा. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनाकृतींच्या घनफळांवर हेच तपासलं. एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणं लागोपाठ सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट खूप पुढे, ८९ टक्के विरुद्ध ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्या गटाची २० टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६३ टक्के.

कारण सरळ आहे. "ओहमचा नियम" या मथळ्याखालची वीस उदाहरणं सोडवताना कोणता नियम लावायचा हा प्रश्न पडतच नाही, तो मथळ्यानेच सोडवलेला असतो. पेपरात मथळे नसतात. म्हणून नवीन प्रकाराची पहिली चार-पाच लागोपाठ करायला हरकत नाही, पद्धत हातात येते. त्यानंतर जुन्या धड्यांतली दोन-दोन मध्ये मध्ये घालायची. गतीचं एक, ऊर्जेचं एक, प्रकाशाचं एक, विद्युतधारेचं एक. हळू जाईल, चुकाही जास्त होतील. तसं झालं तरी पद्धत बदलू नये.

तिसरा बाक

मी दहावीत आहे. लंबक सर, माझा प्रश्न सोडवलेल्या उदाहरणांबद्दल आहे. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचलं की प्रत्येक पायरी पटते. मग स्वाध्यायातलं घेतलं की पहिलीच पायरी सुचत नाही. मग परत सोडवलेलं बघतो. हे चक्र तोडायचं कसं?

रिकामी वही

तिसरा बाक, पायरी पटणं आणि ती का घेतली हे कळणं यात खूप अंतर आहे. सोडवलेलं उदाहरण हाताने झाकून वाच. फक्त प्रश्न उघडा ठेव आणि पहिली पायरी काय असेल ते लिही. मग कागद एक ओळ खाली सरकव. जुळलं तर पुढची. नाही जुळलं तर थांबून स्वतःला विचार: लेखकाने हे का केलं? माझं चाललं असतं का? नसतं तर का नाही? याचं उत्तर समासात लिही. "दोन्ही बाजूंना भागलं" असं लिहू नकोस, ते दिसतंच आहे. "लिफ्टला त्वरण आहे, म्हणून वरचं आणि खालचं बल सारखं नाही" असं लिही.

अवांतर: ची आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा आणखी एक अभ्यास याच विषयावर आहे. सोडवलेली उदाहरणं वाचताना जे विद्यार्थी स्वतःला जास्त स्पष्टीकरणं देत होते ते पुढे स्वतंत्रपणे जास्त चांगलं सोडवू शकले. आणि "मला हे कळलं नाही" असंही तेच जास्त वेळा म्हणत होते. न कळलेलं ओळखता येणं हे कौशल्य आहे, त्याची लाज बाळगू नकोस.

आता एक करून बघ. ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धर. काटा माणसाला वर किती बलाने ढकलतो ते तीन वेळा सांग. लिफ्ट स्थिर वेगाने वर जातेय. लिफ्ट वर जातेय आणि वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंदाने वाढतोय. लिफ्ट वर जातेय पण वेग त्याच दराने कमी होतोय. सूत्र लिहिण्याआधी माणूस एक ठिपका समजून काढ आणि त्यावर असलेली बलं बाणांनी दाखव. फक्त त्या माणसावरची, लिफ्टवरची नाहीत.

तिसरा बाक

ठिपक्यावर दोनच बाण आले. खाली गुरुत्वाचं बल ४९० न्यूटन, वर काट्याचं बल.
स्थिर वेग: त्वरण शून्य, म्हणून ४९०.
वेग वाढताना: वरचं बल १०० न्यूटनने जास्त हवं, ५९०.
वेग कमी होताना: गती वर आहे पण त्वरण खाली आहे, म्हणून ३९०.

पहिल्याला मी आधी "४९० पेक्षा जास्त" असं लिहिणार होतो, कारण लिफ्ट वर चाललीये. बाण काढल्यावर तिसरा बाण कुठून आणायचा तेच कळेना.

रिकामी वही

तिन्ही बरोबर. आणि तुझं शेवटचं वाक्य या धाग्यातल्या सगळ्या पालकांनी वाचावं. "वर जातेय म्हणजे वरचं बल जास्त" हे मनाला फार स्वाभाविक वाटतं. आकृती काढली की प्रत्येक बाणाला विचारता येतं, तुला कोण लावतंय? ज्याला उत्तर देता येत नाही तो बाण पुसायचा.

शाईपेन

यावरून महत्त्वाचं आठवलं. भौतिकशास्त्रात मूल कोऱ्या पाटीने येत नाही. जग कसं चालतं याच्या कल्पना लहानपणापासून डोक्यात असतात आणि धडा वाचून त्या जात नाहीत. गती आहे म्हणजे त्या दिशेने बल आहेच. जड वस्तू आधी पडते. बल्बमध्ये विद्युतधारा थोडी वापरली जाते, म्हणून पुढच्या बल्बला कमी मिळते. चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण शून्य असतं. व्याख्या बिनचूक म्हणणारी मुलंही या प्रश्नांना चुकतात. १९९२ मध्ये हेस्टिनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बल या संकल्पनेवर एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात चुकीचे पर्याय म्हणून मुद्दाम बल आणि गतीबद्दलच्या अशाच भाबड्या कल्पना ठेवल्या आहेत आणि त्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच.

उपाय म्हणजे धडा वाचण्याआधी अंदाज लिहून ठेवणे. "वर फेकलेला चेंडू क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण किती?" उत्तर आणि कारण, दोन्ही शाईने. मग धडा. अंदाज चुकला असेल तर दोन्ही कल्पना समोरासमोर येतात आणि वाद घालता येतो. वेग शून्य असला तरी तो बदलतोय, क्षणापूर्वी वर होता, क्षणानंतर खाली असेल. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

असा वाद कसा घालायचा याचा सुंदर नमुना गॅलिलिओने १६३८ मध्ये छापून ठेवलाय. जड दगड जास्त वेगाने पडतो असं धरा. त्याला हलका दगड बांधला तर हलका त्याला मागे खेचेल, म्हणजे जोडी हळू पडायला हवी. पण जोडीचं वजन तर एकट्या जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे ती जास्त वेगाने पडायला हवी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, तेव्हा मूळ समजूतच सोडावी लागते. एकही आकडा नाही यात! १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं, हवा नसल्यामुळे दोन्ही बरोबर पडली. ती चित्रफीत मुलांना जरूर दाखवा, पण आधी त्यांचा अंदाज लिहून घ्या.

उत्तररात्र

एक बाजू राहतेय. पुष्कळ मुलांचं भौतिकशास्त्र गणितापाशी अडतं आणि दोष भौतिकशास्त्राला मिळतो. समीकरणातून हवी ती राशी एका बाजूला आणणं, अपूर्णांकांची बेरीज, दहाचे घात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रमाण. हे तपासायला सोपी चाचणी आहे. मुलाला एकही आकडा न देता विचारा: गाडीचा वेग दुप्पट झाला, ब्रेक तसेच, तर थांबायला अंतर किती पट लागेल? "दुप्पट" असं उत्तर आलं तर वर्गाचं प्रमाण पक्कं नाही. मग आकड्यांनी पडताळा करू द्या. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे १० मीटर प्रति सेकंद, ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ ने कमी होतो, थांबायला १० मीटर लागतात. ताशी ७२ ला तेच अंतर ४० मीटर होतं. चौपट.

असंच समांतर जोडणीचं. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले तर उत्तर ३ पेक्षा कमीच यायला हवं, कारण धारेला आणखी एक वाट मिळाली. येतं २. ज्या मुलाच्या वहीत ४.५ येतं आणि तो पुढच्या उदाहरणाकडे वळतो, त्याला आकडेमोडीपेक्षा "उत्तर पटतंय का" हे विचारण्याची सवय लावायला हवी.

लंबक

उत्तररात्र, शंभर टक्के सहमत. त्याला जोडून एककं. प्रत्येक पायरीत आकड्यासोबत एकक लिहायचं, शेवटच्या ओळीत चिकटवायचं नाही. अंतर काढताना शेवटी "मीटर प्रति सेकंद" उरलं तर वर कुठेतरी वेळेने गुणायचं राहिलंय, हे एककच सांगतं. मोठ्यांनाही यातून सुटका नाही. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून हरवलं, कारण एका संगणक प्रणालीने आवेग पौंड-बल सेकंदात दिला आणि दुसरीने तो न्यूटन सेकंद समजून वापरला.

धूळपाटी

मिसळून सोडवण्याचा मुद्दा पटला. माझा भाचा नववीत आहे, त्याला तसंच करायला सांगतो. प्रयोगांचं काय? शाळेत प्रयोगवही उतरवून काढतात, त्याने काही होत नाही असं माझं मत.

रिकामी वही

धूळपाटी, मत योग्य आहे. घरी एकच प्रयोग पण पूर्ण मनाने करा, लंबकाचा (इथल्या लंबक यांचा नाही!). दोरा, वजनाला काहीतरी आणि मोबाईलचं घड्याळ. टांगलेल्या टोकापासून वजनाच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी ठेवा. एक पूर्ण दोलन साधारण २ सेकंदांचं येतं. आता मुलाला विचारा, वजन वाढवलं तर? लांबी पाव केली तर? अंदाज लिहिल्यावरच करू द्या. वजनाने फरक पडत नाही, २५ सेंटिमीटरला काळ निम्मा होतो, १ सेकंद. झोका मात्र लहान ठेवायचा.

यात मोजण्याचं शिक्षणही होतं. एकाच दोलनाची वेळ मोजली तर बटण दाबण्यात होणारी चूक मोठी ठरते. वीस दोलनांची वेळ मोजून वीसने भागलं की तीच चूक वीस जणांत वाटली जाते. हे एकदा हाताने केलं की "सरासरी का घ्यायची" हा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

वाचनखूण

सर्वांचे मनापासून आभार. कोऱ्या कागदाची पद्धत सुरू केलीय, चिडचिड चालू आहे, पण दुसऱ्या रंगातला मजकूर कमी होतोय. चुकांची वेगळी वही ठेवावी का, हे कोणी लिहिलं तर बरं.

आणि एक अडचण. वरचं ब्रेकचं उदाहरण तिने सोडवलं. वेग २० मीटर प्रति सेकंद, त्वरण ५, शेवटी वेग ०. वेळ आली उणे ४ सेकंद. तिने उणे चिन्ह खोडून ४ लिहिलं आणि उत्तर जुळलं. मला हे खटकलं, पण समजावता आलं नाही.

शाईपेन

चुकांची वही जरूर ठेवा, पण तिथे बरोबर उत्तर उतरवून ठेवू नका. चूक कोणत्या जातीची ते एका ओळीत लिहा: प्रश्न नीट वाचला नाही, आकृती काढली नाही, नियम चुकीचा निवडला, नियम बरोबर पण चिन्ह किंवा एकक चुकलं, निव्वळ आकडेमोड. महिनाभराने चाळली की मुलीची चूक कुठे पुन्हा पुन्हा होते ते तिलाच दिसेल. आणि तेच उदाहरण आठवड्याने, वही न बघता परत सोडवायचं.

उणे चार बद्दल लंबक यांनी लिहावं.

लंबक

वाचनखूण, तुम्हाला खटकलं हे फार योग्य झालं. ते चिन्ह खोडू देऊ नका, त्यात अर्थ भरलाय.

गाडी ज्या दिशेला चाललीये ती अधिक धरली तर ब्रेकचं त्वरण उलट दिशेला आहे, म्हणजे उणे ५. मुलीने अधिक ५ घातलं. याचा अर्थ तिने समीकरणाला सांगितलं की गाडीचा वेग दर सेकंदाला ५ ने वाढतोय, आणि विचारलं की वेग शून्य कधी असेल? समीकरणाने अगदी बरोबर उत्तर दिलं: चार सेकंदांपूर्वी. दर सेकंदाला ५ ने वाढत आत्ता २० वर आलेली गाडी चार सेकंदांपूर्वी थांबलेलीच होती. उत्तर चुकलेलं नव्हतं, वेगळ्याच गाडीचं होतं.

म्हणून उदाहरणाच्या सुरुवातीला, आकृतीशेजारी एक बाण आणि त्यावर अधिकचं चिन्ह. एकदा ठरवलेली दिशा शेवटपर्यंत बदलायची नाही. चेंडूच्या उदाहरणात वरची दिशा अधिक धरली तर गुरुत्व त्वरण वर जातानाही उणे, खाली येतानाही उणे. मुलं सर्वोच्च बिंदूवर पोचली की चिन्ह बदलतात आणि तिथून पुढे सगळं बिघडतं. दिशा ठरवून टाकली की चेंडूचं वर जाणं आणि खाली येणं अशी दोन उदाहरणं करावी लागत नाहीत. एकाच समीकरणात दोन्ही बसतं.

तिसरा बाक

सर, मग इमारतीवरचा चेंडू असा सोडवला. उंची १५ मीटर, वर फेकला १० मीटर प्रति सेकंदाने, गुरुत्व त्वरण १० धरलं. वर अधिक. जमिनीवर पोचताना विस्थापन उणे १५.
उणे १५ = १० × वेळ − ५ × वेळेचा वर्ग.
वर्गसमीकरण सोडवलं तर वेळ ३ किंवा उणे १. ३ सेकंद हे उत्तर. उणे १ सोडून दिलं, पण गाडीचं वाचल्यावर वाटतंय की त्यालाही अर्थ असणार. काय आहे तो?

लंबक

आहे. समीकरणाला इमारत माहीत नाही. चेंडू कोणी, कुठून फेकला हेही माहीत नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की शून्य वेळेला चेंडू इथे होता, १० मीटर प्रति सेकंदाने वर जात होता, आणि त्याचं त्वरण नेहमी उणे १० असतं. तू विचारलंस, असा चेंडू जमिनीच्या पातळीवर कधी असतो? त्याने दोन्ही वेळा सांगितल्या.

उणे १ सेकंदाला त्याचा वेग किती येतो ते काढ: १० + १० = २०, वरच्या दिशेला. आता समज की इमारतीवर कोणी नाहीच. जमिनीवरून कोणीतरी चेंडू २० मीटर प्रति सेकंदाने सरळ वर फेकला. एका सेकंदात तो २० − ५ = १५ मीटर वर पोचतो, म्हणजे बरोबर तुझ्या गच्चीच्या उंचीला, आणि तिथे त्याचा वेग १० उरलेला असतो. तिथून पुढे त्याचा आणि तुझ्या चेंडूचा प्रवास एकच. ३ सेकंदाला जमिनीवर येतानाचा वेगही काढून बघ.

तिसरा बाक

१० − ३० = उणे २०. जेवढ्याने वर फेकला होता तेवढाच, फक्त खाली. आणि उणे १ पासून ३ पर्यंत चार सेकंद, म्हणजे दोन वर जायला, दोन खाली यायला. सर्वोच्च बिंदू १ सेकंदाला, २० मीटरवर.